एकटीनं यायचं

मी थांबले, तसे मागचे बूटही थांबले.

ग्रंथालयाच्या पायऱ्या संपल्या की फरशीचा लांब बोळ लागतो. तिथून नव्या मुलांचा घोळका पुढे गेला होता आणि ग्रंथालयाचे कोणी साहेब सगळ्यांना "इकडे बघा, हा संदर्भ विभाग, तिकडे बघा, ते वाचनालय" असं दाखवत होते. मी जन्मापासून आंधळी. मला दाखवण्याची तसदी त्यांनी घेतली नाही आणि मीही वाईट वाटून घेतलं नाही. भिंतीला हात लावत, खिडक्यांचे कोनाडे लक्षात ठेवत मी मागे रेंगाळत होते. तेव्हा ते बूट ऐकू आले. रबरी तळव्याचे, नवे कोरे. गुळगुळीत फरशीवर नवा रबर बारीक चुंई करतो, तसा आवाज. मी चालले की चुंई चुंई, मी थांबले की शांत.

"कोण आहे?" मी विचारलं.

कोणी बोललं नाही. साबणाचा वास मात्र आला. आता माणूस म्हटला की त्याला वास असतो. कुणाला खोबरेल तेलाचा, कुणाला घामाचा, कुणाला सकाळच्या फोडणीचा. या माणसाला नुसत्या साबणाचा वास होता, अंगावरचं बाकी सगळं घासून काढल्यासारखा. स्वतःचा वास पुसून येणारा माणूस भल्या कामासाठी येत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

"यास्मिन," मी हाक मारली. ती पुढून परत आली. "माझ्या मागं कोण आहे गं?"

"मागं? कुणी नाही गं," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

यास्मिन मुजावर ही वसतिगृहातली माझी खोलीची जोडीदार. इचलकरंजीची, संख्याशास्त्राला आलेली, बोलायला सुरुवात केली की श्वास घ्यायला विसरणारी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हाताला धरून खाटेपासून नळापर्यंत फिरवलं होतं. तिनं चांगुलपणा दाखवला म्हणूनच मी सावध झाले. आमच्यासारख्यांशी पहिल्या दिवशी सगळेच चांगलं वागतात. पुढे बघायचं असतं.

सावध राहायला मला कारणही तसंच होतं.

सोमवारी आप्पा मला सोडायला आले, त्या दिवशीची गोष्ट. आप्पा म्हणजे माझे वडील. जत तालुक्यातले धनगर, पाठीवर घोंगडं, डोक्याला पागोटं, पायात खिळे मारलेल्या जाड वहाणा. जन्मात विद्यापीठाचं फाटक बघितलेलं नाही. आम्ही सामंत मॅडमसमोर बसलो होतो. त्या इतिहास विभागात शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. म्हणजे मला ज्या दोन दारांतून आत जायचं होतं, त्या दोन्ही दारांत त्याच उभ्या होत्या.

"यांच्याबरोबर राहणार कोण?" मॅडमनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मीच."

"तुमचे मार्क उत्तम आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वसतिगृहात जिने आहेत, बाहेर रस्त्याला गाड्या आहेत. काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं."

"मला पडायची सवय आहे, मॅडम."

"मला नाही," त्या म्हणाल्या.

मग कागद बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "असं करू. हा आठवडा नव्या मुलांना परिचय करून देण्याचाच आहे. ग्रंथालय दाखवतील, दवाखाना दाखवतील, विभागात स्वागत होईल. तुम्ही राहा, फिरा, रस्ते शिका. शनिवारी मुख्य इमारतीत नावनोंदणी आहे. टेबलावर मी स्वतः असेन. वसतिगृहातून तिथपर्यंत एकट्या या. आलात तर खोली तुमची आणि इतिहासाची जागाही तुमची. कुणाचा हात धरून आलात, तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. वाईट वाटेल मला, पण पाठवेन."

"आन पोरगी पडली म्हंजी?" आप्पांनी विचारलं.

"म्हणूनच तर म्हणते मी."

बाहेर आल्यावर आप्पांनी माझी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "सगुणे, आजून बी चल माघारी. घरी तुला काय कमी हाय?"

"घरी बसून मी काय करू, आप्पा?"

"काय करायचं? बसायचं."

"त्येच म्हनतीया मी."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कमरेची चंची सोडून तंबाखू मळली आणि निघाले. त्यांच्या वहाणांची करकर मी फाटकापर्यंत ऐकली. पुढे रहदारीत ती हरवली. मला रडू आलं, पण तिथे कोण बघत असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून खोलीत येऊन रडले.

तेव्हा बुटांचा अर्थ मी लगेच लावला. सामंत मॅडमनी माझ्यावर माणूस ठेवला होता. मी कुठे धडपडते, कुणाचा हात धरते, कुठला जिना चुकते, हे सगळं त्यांच्यापर्यंत पोचत असणार. शनिवारी टेबलाशी मी पोचले तरी त्या म्हणणार, बुधवारी तुम्ही कँटीनजवळ खांबाला धडकलात, त्याचं काय?

आणि मी खरोखरच धडकले होते. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मागे बुटांनी दोन पावलं घाईनं टाकली आणि पुन्हा थांबले. बघून घेतलं असेल, म्हटलं.

गुरुवारी ओळखपत्रासाठी फोटो होते. फोटोवाला सारखा "डोळे उघडे ठेवा, ताई" म्हणत होता. मी म्हणाले, "ठेवते, पण उपयोग व्हायचा नाही." मुलं हसली. रांगेच्या टोकाला कुणीतरी घशात हसू दाबलं. तो साबणाचा वास तिथेच होता. हा माणूस हसतोही, याची मला जास्तच चीड आली.

मी एक परीक्षा घेतली. फोटोच्या खोलीजवळ मुलींचं स्वच्छतागृह होतं. मी मुद्दाम आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मॅडमनी ठेवलेली बाई असती, तर ती आत आली असती. बूट दारापासून लांबच थांबले. मी बराच वेळ काढला. बाहेर आले तेव्हा बूट तिथेच होते.

म्हणजे पुरुष होता.

त्यानंतर मला भीती वाटायला लागली. तोवर राग होता, राग बरा. आंधळ्या मुलीच्या मागे रोज गुपचूप हिंडणारा पुरुष, साबणानं अंग घासून येणारा. मॅडमनी असला माणूस ठेवला नसता. मग हा कोण? ओरडावं, तर मुलं गोळा होतील, गवगवा होईल, सामंत मॅडमच्या कानावर जाईल. त्या म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हते? इथे तुम्ही सुरक्षित नाही, घरी जा. तक्रार करायची आणि आपल्याच हातानं गावची गाडी पकडायची, असा तो प्रकार होता. मी तोंड मिटून घेतलं.

फक्त यास्मिनला सांगितलं. रात्री नाही, जेवायच्या आधीच, कारण घास उतरेना.

"तुला भास होतात," ती म्हणाली आणि हसली. एरवीचं तिचं हसणं मोकळं. हे अर्धवट होतं.

"तू मागं बघितलंस कधी?"

"बघितलं की. कुणी नसतं. बरं, उद्या तू कुठल्या रस्त्यानं जाणारेस विभागात? कँटीनकडून की पाण्याच्या टाकीकडून?"

"का?"

"सहज गं."

सहज कुणी रस्ता विचारत नाही. ती रोज विचारत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. शुक्रवारी विभागात आमचं स्वागत झालं, गुलाबाचं फूल आणि पेढा. परतल्यावर मी पलंगावर पडले होते, झोपल्याचं सोंग करून. यास्मिन खाली फाटकापाशी गेली. आमची खिडकी फाटकाच्या वरच होती. तिला वाटलं असेल मला ऐकू जाणार नाही. डोळस माणसांचा हा एक घोळच आहे, दिसत नाही तितकं लांब गेलं की ऐकूही येत नाही असं ती धरून चालतात.

"उद्या दहाला निघणार आहे," यास्मिन कुणाला तरी सांगत होती. "टाकीकडच्या रस्त्यानं. तिला संशय आलाय हं. जरा लांबून."

पलीकडून कुणी काही बोललं नाही. चुंई करून बूट वळले.

त्या संध्याकाळी मला सगळं जग एका बाजूला आणि आपण एका बाजूला, असं वाटलं. जिनं मला नळापर्यंत हात धरून नेलं, तीच मला कुणाच्या तरी हवाली करत होती. यास्मिननं तिच्या विभागात मिळालेला पेढा आणून तोंडाशी धरला. मी तो खाल्ला नाही.

शनिवारी मी कुणाला न सांगता लवकर निघाले. यास्मिन आंघोळीला गेली होती. टाकीचा रस्ता सोडून मी वनस्पतिशास्त्राच्या बागेमागची पायवाट धरली. ती जवळची होती आणि मी ती दोनदा चालून पाठ केली होती. एका बाजूला मेंदीचं कुंपण, मग निलगिरीचा वास, मग डांबरी रस्ता, मग मुख्य इमारत. मला वाटलं, सुटले.

निलगिरी यायच्या आतच मागे पालापाचोळा वाजला. बूट आलेच. फाटकापाशी पहाटेपासून कुणी उभं असल्याशिवाय ते शक्य नव्हतं.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघायचंय ना तुला? बघ. मी हातातल्या पांढऱ्या काठीची घडी घातली, काखेत मारली, मान वर केली आणि डोळस माणसासारखी झपाझप चालायला लागले. या आठवड्यात काय शिकले ते जाऊन सांग तुझ्या मॅडमला, किंवा तू ज्या कुणाचा असशील त्याला. कुंपणाची पानं उजव्या हाताला लागत होती. पायवाट मला पाठ होती. मी जवळजवळ धावतच होते.

मागून जीभ टाळूवर टकाटक वाजली आणि पाठोपाठ घशातून लांब हाळी आली, "हुर्र्र्र, हो हो हो."

माझे पाय जागच्या जागी रुतले. मला काही कळायच्या आधी रुतले. उताराकडे निघालेल्या म्होरक्या मेंढीला थांबवायची ती हाळी. लहानपणी मी मेंढीच्या पाठीवर हात ठेवून माळावर चालायचे. ती हाळी ऐकून मेंढी थांबायची आणि तिच्याबरोबर मी.

मी काठी उलगडली आणि पुढे टेकवली. काठी कुठेच टेकली नाही. वाकून चाचपलं. ओल्या मातीची कड, ताजी. पाण्याच्या नळासाठी आदल्या संध्याकाळी चर खणला होता. खोल किती होता ते मला माहीत नाही, पण मी टाकलेला खडा क्षणभरानं खाली पाण्यात पडला.

"आप्पा," मी म्हणाले.

मागे पालापाचोळा जरा वाजला.

"आप्पा, मला कळलंय."

"मी न्हवं," मागून आवाज आला.

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि राग तर होताच. "आठवडाभर मागं हिंडताय? मॅडमनी ठेवलंय तुमास्नी?"

"कोन मॅडम? मी तिला भ्यालोय, तिच्या म्होरं जाऊन काय बोलू?" ते जवळ आले, पण हात लांब ठेवून उभे राहिले. "गाडीत बसलो व्हतो सोमवारी. कंडक्टरनं इचारलं कुठं जायाचं. तोंडातनं गावाचं नावच निघंना. मग उतरलो."

"आन हे बूट?"

"स्टँडवर घेतलं. वहाना, पागोटं, घोंगडं समदं तितल्या हाटेलवाल्याकडं ठिवलंय. अंगात त्याचीच जुनी पँट हाय. तंबाखू बंद केली. तुजं नाक लई तिखट. साबन लावून लावून कातडं सोलाय आलंय माजं."

"यास्मिनला कधी गाठलं?"

"तिनंच मला गाठलं. पयल्याच दिशी येऊन म्हनली, कोन हायस रं तू, पोलिसात देते. मी सांगितलं, बाप हाय. मग रडली जरा. गुनाची पोरगी हाय ती."

मी तिच्या हातचा पेढा खाल्ला नव्हता. ते मनाला लागलं, पण आप्पांवरचा राग त्याहून मोठा होता.

"मला एकटीनं जायाचं व्हतं, आप्पा. तुमी हाळी दिली. आता काय एकटी राहिलं? चला, घरीच जाऊ."

"हाळी मी रोज धा मेंढरास्नी देतो. समदी थांबत्यात व्हय? दोन तर हटकून उडी घालत्यात. तू थांबलीस. आन मी हितं न्हाईच. मी गावाकडं हाय. तू चाल."

"मग पुढची वाट कुठनं हाय ते तरी सांगा."

"मी गावाकडं हाय म्हनलं की."

ते खरंच बोलले नाहीत. मी चराच्या कडेकडेनं काठी टेकवत गेले. एकदा कड ढासळली, गुडघा टेकला, साडी चिखलानं भरली. मागे श्वास अडकल्याचा आवाज आला, पण बूट हलले नाहीत. बऱ्याच पुढे मजुरांनी टाकलेली फळी काठीला लागली. दोन्ही पायांनी तिचा अंदाज घेतला आणि पलीकडे गेले. मग निलगिरीचा वास आला, मग डांबर.

मुख्य इमारतीत गलका होता. नावनोंदणीची रांग जिन्यापर्यंत आली होती. पुढची मुलं सरकत होती, मी सरकत होते आणि माझ्या पाठोपाठ तो साबणाचा वासही सरकत होता. मी त्यांना जा म्हणू शकत नव्हते. कारण मी त्यांना ओळखतच नव्हते.

"बंडगर," सामंत मॅडमचा आवाज आला. "सगुणा बंडगर. एकट्या आलात?"

"हो, मॅडम."

"साडीला चिखल आहे."

"बागेमागे चर खणलाय. तिकडून आले."

"तिकडून? तो चर मी सकाळी बघितला. तिथे दोरीही बांधलेली नाही, मी आत्ताच चिठ्ठी पाठवली." मग त्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून मागे गेला आणि कडक झाला. "आणि हे तुमच्या मागचे कोण? बंडगर, तुमच्याबरोबर आहेत हे?"

हो म्हटलं तर सगळं संपत होतं. नाही म्हणायला जीभ उचलेना. आठवडाभर जो माणूस माझ्यासाठी तंबाखूवाचून राहिला, त्याला चारचौघांत नाही कसं म्हणायचं?

"न्हाई, बाईसाहेब," आप्पाच बोलले. "मी ह्यास्नी वळखत न्हाई. ह्या एकट्याच आल्यात. मी मागनं बघत व्हतो की. कुनाचा हात धरला न्हाई त्येंनी."

बापानं मला अहो-जाहो केलं ते आयुष्यात तेवढंच. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

मॅडमना ते ओळखू आले होते की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. सोमवारी त्यांच्यासमोर पागोटं आणि घोंगडं बसलं होतं, आता उसनी पँट आणि रबरी बूट उभे होते. पण चेहरा तोच असणार.

"तुम्ही ओळखत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मग तुम्ही या रांगेत कशाला उभे आहात?"

आप्पांचे बूट फरशीवर चुंई चुंई करायला लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, होतं तेवढं एकदाच वापरून संपलं होतं.

"नाव घालाय आलोय," ते शेवटी म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"कुठल्या विषयाला?"

"ह्यांचा हाय त्योच."

मॅडमचं पेन कागदावर चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. शिक्का शाईच्या गादीवर आपटला आणि मग कागदावर. कागद माझ्या हाताखाली सरकवून त्यांनी माझं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं.

"नाही जमणार," त्या आप्पांना म्हणाल्या. "इतिहासाची शेवटची जागा आत्ताच भरली."

"बरं," आप्पा म्हणाले आणि रांगेतून बाजूला झाले.